खात्याखात्यांत वाटलेला माणूस

 आमच्या मनाला वर्षभर एकच गोष्ट सलत राहिली. आरोग्य एका खात्याकडे, शिक्षण दुसऱ्याकडे, जंगल तिसऱ्याच दप्तरात, अशी माणसाच्या आयुष्याची वाटणी करायची आणि वर वडीलधाऱ्यांच्या ज्ञानाला अडाणीपणा ठरवायचे, ही आम्हां सुशिक्षितांची खोड काही केल्या जात नाही. ‘आरोग्य’ हा यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरवताना म्हणूनच अलास्काच्या ईशान्येस आणि कॅनडाच्या वायव्य टोकास राहणाऱ्या ग्विचिन लोकांचे स्मरण झाले.

कॅरिबू, म्हणजे उत्तरेकडील रानटी रेनडिअर, हा त्यांच्या जीविताचा आधार. शिकारीनंतर मांसाचे पातळ काप काढून ते धुरावर वाळत घालणाऱ्या आजीजवळ बसलेले मूल सुरी कशी धरावी, धूर किती ठेवावा आणि पहिला वाटा कोणत्या वृद्धाघरी पोचवावा, हे पाहता पाहता शिकते; बोट कापले तर स्प्रूस वृक्षाची राळ जखमेवर लावायची, हेही त्याच बैठकीत कळते. अन्न, औषध आणि आचारधर्म यांचे असे एकच विद्यापीठ असताना, कॅनडातील अक्लाविक व इनुविक येथील निवासी शाळांत या मुलांना घरापासून तोडून त्यांना मायबोली बोलण्याचीच धास्ती घालण्यात आली. अशा शाळांच्या व्यवस्थेला कॅनडाच्या सत्य व समेट आयोगाने 2015 साली सांस्कृतिक वंशसंहार म्हटले.

या शाळांचे घाव सोसूनही 1988 साली अलास्कातील आर्क्टिक व्हिलेज येथे गावोगावचे ग्विचिन जमले आणि जिथे कॅरिबूच्या माद्या वितात, ते पवित्र किनारी मैदान तेलाच्या खोदाईपासून राखण्याचा निर्धार त्यांनी एकमुखाने केला. कळप राहिला तरच मुलाच्या ताटात सकस अन्न पडेल आणि त्याला शिकवायला आजीजवळ काही उरेल, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

आपल्याकडील नंदुरबार-गडचिरोलीच्या, आदिवासी मुलांसाठीच्या आश्रमशाळांचा हेतू त्या निवासी शाळांहून निराळा आहे, हे आम्ही जाणतो. पण पाड्यावरची रानभाज्या ओळखणारी वृद्धा तिथे सन्मानाने शिकवायला बसत नाही, तोवर सरकारी तरतुदींनी मुलांचे पोषण आणि शिक्षण अर्धेमुर्धेच होणार. तिला मानधनासह वर्गात बोलवा, ही आमची मागणी आहे.