पाठीतल्या पाण्याची भीती कशाला?

‘डॉक्टर, लागतील ती औषधे द्या, पण पाठीतले पाणी काढू नका.’ मेनिंजायटिसची शंका आली की नातेवाइकांकडून हे हमखास ऐकायला मिळते. पाणी काढले की माणूस लुळा पडतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ती खोडून काढलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह. ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, मान ताठणे ही लक्षणे बहुधा सारखीच. उपचार मात्र निराळे. इतर जिवाणूंमुळे झालेल्या आजारात शिरेतून प्रतिजैविके साधारण एक ते तीन आठवडे द्यावी लागतात, तर क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये औषधे ९ ते १२ महिने चालतात. विषाणूजन्य प्रकार बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. वरवर पाहून हा फरक सांगता येत नाही. त्यासाठी पाठीतले पाणीच तपासावे लागते.

निरोगी माणसाचे हे पाणी नितळ असते. त्यातील साखर रक्तातील साखरेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. जिवाणूंच्या आजारात ते बहुधा गढूळ होते, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी खूप वाढतात, साखर उतरते, प्रथिने व लॅक्टेट चढतात. क्षयातही साखर कमी आणि प्रथिने जास्त असतात. पण पेशी बहुधा लिंफोसाइट असतात. विषाणूंच्या आजारातही लिंफोसाइटच वाढतात, मात्र साखर सहसा नेहमीइतकी राहते. एडीए वाढले तर क्षयाचा संशय बळावतो. सीबीनॅट तपासणीत क्षयजंतूंचा थेट माग लागतो. पण ती निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाहीच, असे म्हणता येत नाही. एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नये, आणि रक्तातील साखरही त्याच वेळी मोजावी.

आता भीतीविषयी. क्विंके या जर्मन डॉक्टरांनी १८९१ मध्ये ही पद्धत वापरात आणली. प्रौढांचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली घालतात. काढलेले थोडे पाणी शरीर काही तासांत भरून काढते. नंतर काही दिवस डोके दुखू शकते. गंभीर त्रास क्वचितच होतो. मेंदूवर दाब वाढल्याची किंवा रक्त न गोठण्याची शंका असेल तर डॉक्टर आधी त्याची खातरजमा करतात. तपासणी लांबली तरी औषधे मात्र लगेच सुरू व्हावीत.

लुळेपणा, बहिरेपणा येतो तो या आजारामुळे. दोष मात्र सुईला लागतो. सही मागितली की शंका जरूर विचारा, पण गावगप्पांवर विसंबून नकार देऊ नका.