मोर्चाला हजारो, मतं मात्र दुसरीकडे. सुरगाणा-डहाणूत लाल झेंड्याचं पुढं काय?

नाशिक/पालघर : ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च १२ मार्चला मुंबईत आझाद मैदानावर पोहोचला. सुमारे १८० किलोमीटर, तेही पायी. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी तालुक्यांतले आदिवासी शेतकरी त्यात मोठ्या संख्येने होते. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून काढला. सरकारने मागण्यांवर लेखी आश्वासन दिलं.

पण दीडच वर्षाने, २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत, मोर्चातले प्रमुख नेते आणि माकपचे सात वेळचे आमदार जे. पी. गावित कळवणमधून पडले. २०२४ लाही तोच निकाल लागला.

मग लाल झेंडा संपला का? तसंही नाही. शेजारच्या डहाणूत माकपचे विनोद निकोले २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा निवडून आले. दोन्ही वेळा मताधिक्य मात्र पाच हजारांच्या आसपासच राहिलं. सांगोल्यातही २०२४ ला शेकापने गणपतराव देशमुखांची जागा परत मिळवली. म्हणजे काही तालुक्यांत डावे तग धरून आहेत, वाढ मात्र दिसत नाही. देशाचं चित्र आणखी बिकट आहे. लोकसभेत २००४ ला माकपचे ४३ खासदार होते, २०२४ ला ४.

याच काळात दरी वाढली. जागतिक विषमता अभ्यासगटाच्या २०२४ च्या निबंधानुसार देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे सुमारे ४० टक्के संपत्ती आहे. विषमता वाढली की डावे वाढतील, हे गणित इथं जुळलेलं नाही.

तेव्हा सावकार समोर होता

१९४५ ला गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, तेव्हा कोणाविरुद्ध लढायचं ते स्पष्ट होतं. वेठ लावणारा जमीनदार गावातच होता. लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायकोला राबवून घेणारा सावकारही ओळखीचाच होता.

आज सुरगाण्याचा मजूर पावसाळा संपला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातो. बागायतदार स्वतःच कर्जात असतो, अवकाळी पावसाने एका रात्रीत झोपतो. मजुरी कमी मिळते हे खरं, पण भांडायचं कोणाशी? २०२३ च्या मोर्चात वनजमीन आणि कांद्याचा भाव या मागण्या एकत्र आल्या. कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदानही जाहीर झालं. सरकारसमोर दोघं एक असतात, पण गावी परतल्यावर एक मजुरी मागणारा आणि दुसरा देणारा असतो. या पेचावर डाव्यांकडे अजून पक्कं उत्तर नाही.

पट्टा मिळाल्यावर काय?

वनहक्क कायदा २००६ चा. कसत असलेली चार हेक्टरपर्यंतची जमीन नावावर होण्याची त्यात तरतूद आहे. प्रत्यक्षात अनेकांच्या हाती काही गुंठेच आले. सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरी नाव लागावं, ही मागणी मोर्चामागून मोर्चात येते. हीच डाव्यांची ताकद आहे आणि मर्यादाही. पट्टा हातात आला की कुटुंबाला विहीर हवी असते, बंधारा हवा असतो, पीककर्ज हवं असतं. त्यासाठी माणूस सत्तेतल्या पुढाऱ्याचं दार गाठतो.

त्यात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये आले. रोजाने जाणाऱ्या बाईला ही रक्कम किरकोळ नाही, त्यामुळे लोक विकले गेले म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. पण योजना देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, कायद्याने मिळालेला हक्क मागून घेता येतो. हा फरक पाड्यावरच्या बाईला पटेल असा सांगणं, हे डाव्यांचं खरं काम आहे.

नुसत्या युतीने भागत नाही

डहाणूत मोठ्या पक्षांच्या पाठिंब्याचा फायदा झाला, हे उघड आहे. पण २०२४ ला महाविकास आघाडीची साथ कळवणलाही होती, तरी जागा गेली. डहाणू-तलासरीत १९४५ पासूनची संघटना आहे आणि ग्रामपंचायत, पंचायत समितीपर्यंत तिची मुळं आहेत. पाच हजारांचं अंतर बहुधा तिथंच निघालं.

दोन-चार वर्षांतून एकदा मुंबईपर्यंत चालणं सरकारला हलवतं. मत मात्र मधल्या दिवसांवर पडतं. मुकादमाचा हिशेब, रेशनचा अंगठा न जुळणं, बँकेने परत पाठवलेली कर्जाची फाईल, अशा वेळी सोबत कोण आलं हे लोक लक्षात ठेवतात. तिथं लाल झेंड्याचा माणूस पोहोचला तर या तालुक्यांत डाव्यांना भविष्य आहे. नाहीतर लोक मोर्चाला येत राहतील आणि मत दुसऱ्याला देत राहतील.