सहल कार्तिकी पौर्णिमेनंतर

२०१९ च्या दिवाळीत मंडळातल्या आम्ही बारा जणींनी मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग केलं होतं. अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठलं आणि जहाज निघालंच नाही. धक्क्यावर काही जणी कर्मचाऱ्यांवर ओरडल्या, मीही ओरडले. आज त्याची लाज वाटते. पैसे परत मागणं योग्यच, पण बाराशे जीव जपणाऱ्यावर राग कसला? चूक आमची होती. चातुर्मासात, तेही महावीर निर्वाणाच्या दिवसांत, समुद्रप्रवास ठरवला. दिग्व्रतात जाण्यायेण्याची मर्यादा आपणच आखायची असते. आम्ही ती आखलीच नाही. अमावास्येच्या पहाटे निर्वाण लाडू चढवायला मात्र बाराही जणी मंदिरात होतो. मैत्रिणींनो, सहलीला जरूर जा, पण कार्तिकी पौर्णिमेनंतर.