डिंक नुसता 'डिंक' म्हणून का विकावा?

आम्ही कापडवाले. डिंक आम्हाला परका नाही. छपाईचा रंग कापडावर पसरू नये म्हणून त्यात डिंक घालून तो दाट करतात. खळ तर आमच्या धंद्यातलीच. खळ देणे गुन्हा नव्हे. परंतु खळीने जाड झालेले कापड मुळात जाड म्हणून विकले, तर पहिल्या धुण्यातच दुकानदाराची अब्रू जाते. किराणा व सुक्या मेव्याच्या धंद्यातील आमच्या भावांशी डिंकाबाबत हेच बोलायचे आहे.

बरणीवर नुसते 'डिंक' किंवा 'गोंद' लिहिलेले असते. आत बाभळीचा असेल, धावड्याचा असेल, सुदान किंवा नायजेरियातून आलेला असेल, नाहीतर सर्वांची सरमिसळ. बाभळीचा व धावड्याचा डिंक तुपात तळला की लाहीसारखा फुलतो. बाळंतिणीच्या लाडवाला तोच लागतो. कतिऱ्याची जात निराळी. तो पाण्यात विरघळत नाही, रात्रभर भिजवला की फुगून थलथलीत होतो. उन्हाळ्यात, रमजानमध्ये आपण तो शरबतात घालतो. तुपात मात्र तो फुलत नाही, आणि नीट न भिजवता गिळला तर घशात फुगून अडकू शकतो. एवढी गोष्ट गिऱ्हाईकाला दुकानदाराने नाही सांगायची तर कोणी?

गुण सांगतानाही हात राखून सांगावे. डिंकाने हाडे मजबूत होतात, कंबर भरून येते, असे सर्रास बोलले जाते. आमच्या मते लाडवाची ताकद बहुतेक तूप, गूळ, खोबरे, खारीक व बदाम यांची आहे. डिंक हा चोथ्याच्या जातीचा पदार्थ. लहान आतड्यात तो पचत नाही. मोठ्या आतड्यातील उपयोगी जंतूंचे ते खाद्य. २०२१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाभूळवर्गीय झाडांच्या डिंकाला आहारातील तंतू म्हणून मान्यता दिली. हा फायदा खरा आहे. त्याला मीठमसाला लावण्याची गरज नाही.

या बाबतीत हिंगवाले आपल्या पुढे आहेत. अफगाणिस्तान-इराणकडून येणारा अस्सल हिंग इतका उग्र, की त्यात पीठ व डिंक मिसळावाच लागतो. त्याला उघडपणे 'बांधानी हिंग' म्हणतात, डबीवर घटक छापतात, आणि कोणी त्याला भेसळ म्हणत नाही.

गिऱ्हाईक स्वस्त मागते, ही तक्रार आम्ही कापडातही रोज ऐकतो. मग स्वस्त माल स्वस्ताच्या नावाने द्यावा. निवडलेल्या मालाला वेगळा भाव मिळाला, तर रानात डिंक वेचणारा आदिवासीही तो निवडून आणील. सरसकट एकच भाव असेल तर त्याने सालपट आणि माती का काढावी?

बरण्या तीन ठेवाव्यात, नावे तीन लिहावीत, आणि डिंक कशाला हवा ते विचारूनच तोलावा. छपाईच्या कामाची गोणी खाण्याच्या गोणीशेजारी तर ठेवूच नये.