वेष्टणावरील अक्षरें कोणासाठीं?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनीं बिस्किटांच्या पुड्यावर घटकद्रव्यें उतरत्या प्रमाणानें छापावयास लाविलीं आहेत. मैद्यापाठोपाठ साखर दिसली कीं जाणत्यानें समजावें. शेंगदाणा असल्यास तोही निराळा सांगावा लागतो. नियम उत्तमच. परंतु ही यादी इंग्रजींत वा हिंदींत असली कीं कायदा संतुष्ट. मराठीस मनाई नाहीं, सक्तीही नाहीं. व्यवहारांत बहुधा इंग्रजीच दिसते. ज्या बाईच्या मुलास शेंगदाणा बाधतो आणि जिला इंग्रजी येत नाहीं, तिनें तीं बारीक अक्षरें कोणाकडून वाचवून घ्यावीं? वाण्याकडून? एकच पुडा अनेक राज्यांत जातो, ही कारखानदारांची सबब. जाहिराती मात्र ते राज्याराज्याच्या भाषेंत करितात! नियमांत ‘विक्री होईल तेथील भाषेंतही’ एवढे शब्द घालण्यास सरकारास कोणती अडचण आहे?