बत्तीस नाही, एकतीस

वाराणसीच्या छावणीत बदली झाली तेव्हा आईने फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. गंगाजल कधी आणतोस, आणि तिथे आपलं कुणी आहे का? आहेत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, दूधविनायक या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. दूधविनायकची गल्ली एवढी अरुंद की समोरून सांड आला तर कुणाच्याही उंबऱ्यावर चढून त्याला वाट द्यायची. इथे सिनिऑरिटी त्याची. रविवारी सुट्टी मिळाली तर मी तिथल्या एका घरी जेवायला जातो. वरणभात, लिंबाचं लोणचं, आणि मराठी बोलता बोलता मधेच बनारसी हेल. आजी मला 'साहेब' म्हणत नाहीत, 'अरे बाळा' म्हणतात.

त्यांचा नातू भरतीच्या परीक्षेची तयारी करतोय. परवा त्याचं पुस्तक चाळत होतो. प्रश्न होता: १, २, ४, ८, १६, पुढे काय? त्याने न थांबता ३२ वर खूण केली. म्हटलं, "खडू आण."

ओसरीच्या फरशीवर वर्तुळ काढलं. त्याच्या कडेवर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाला सरळ रेघेने जोडायचा, आणि वर्तुळाचे किती तुकडे झाले ते मोजायचे. एक बिंदू असेल तर रेघच नाही, तुकडा एक. दोन बिंदूंचे दोन. तीनचे चार, चारचे आठ, पाचचे सोळा. "काका, हे तर तेच झालं!" मग त्याला सहा बिंदू घ्यायला सांगितलं. त्याने सुबक षटकोन काढला आणि तीस मोजले. त्याचे तीन कर्ण मध्यावर एकाच ठिकाणी भेटत होते. एक बिंदू जरा सरकवला तेव्हा मधोमध चिमुकला त्रिकोण उघडला आणि एकतीस झाले. पोराने तीनदा मोजलं. बत्तिसावा तुकडा सापडेना, कारण तो नाहीच.

गणिताच्या पुस्तकांत हे कोडं लिओ मोझर यांच्या नावाने ओळखलं जातं. पण ते सोडवायला लागणारं हत्यार आपल्याकडे फार जुनं आहे. सुरुवातीला तुकडा एक. नवी रेघ ओढली की एक तुकडा वाढतो, आणि ती जुन्या रेघांना जितक्या ठिकाणी छेदते तितके आणखी. म्हणजे एक, अधिक रेघा, अधिक छेद. रेघेला दोन बिंदू लागतात, छेदाला चार. सहातून दोन किती प्रकारे निवडता येतात? पंधरा. सहातून चार? तेही पंधरा. एक, पंधरा आणि पंधरा मिळून एकतीस. हीच मोजणी भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त सहा रसांवर केली आहे. दोन रसांचे पदार्थ पंधरा, चार रसांचेही पंधरा, आणि एकापासून सहापर्यंत सगळे मिळून त्रेसष्ट.

काशीत हा विषय परका नाही. गोदावरीकाठच्या गोलग्रामहून आलेल्या घराण्यातल्या कमलाकराने १६५८ मध्ये इथेच 'सिद्धान्ततत्त्वविवेक' पूर्ण केला. १८४२ पासून बापूदेव शास्त्री इथल्या संस्कृत कॉलेजात गणित शिकवत होते. अशा गावात बसून पोरं पुढचा आकडा अंदाजाने ओळखायची सवय लावून घेतात, याचं मला वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न परीक्षेतून काढून टाकावा, नाहीतर 'का' विचारायला खाली दोन ओळी सोडाव्यात. पाच आकडे दाखवून सहावा विचारणं ही बुद्धीची परीक्षा नाही. ओएमआर शीट तपासायला सोपी जाते म्हणून असे प्रश्न येतात, हे मला कळतं. पोरालाही मी सांगितलं की परीक्षेत ३२ च लिही, मार्क घालवू नकोस. हे सांगताना जीभ अडखळली, कारण मला एक उतार आठवत होता.

मी तेव्हा लेफ्टनंट होतो. उंचावरची पोस्ट. दोन पोस्टच्या मधला एक बर्फाचा उतार आम्ही त्या महिन्यात पाच वेळा ओलांडला होता. सहाव्या वेळी हवालदार म्हणाला, "साब, आज रस्सा लगा लेते हैं." आदल्या दोन दिवसांत नवा बर्फ पडला होता आणि दुपारी कडक ऊन होतं. मी म्हणालो, "पाँच बार जा चुके हैं." उतार सरकला. मधला जवान छातीपर्यंत गाडला गेला. त्याला बाहेर काढलं, तो जगला, पण डाव्या हाताची दोन बोटं गेली. चूक माझी होती. पाच वेळा काही झालं नाही, हे मी मोजलं होतं. उतार कशामुळे टिकला होता, हे मोजलंच नव्हतं. हवालदार तेच मोजत होता, आणि त्याने ही आकड्यांची गणितं कधी सोडवली नसावीत.

माजी सैनिक वाचकांपैकी प्रत्येकाकडे असा एखादा सहावा फेरा असेल. ब्रीफिंगमध्ये 'अब तक कुछ नहीं हुआ' हे वाक्य किती वेळा ऐकलंत, आठवून पाहा.

तर पोराने मग सात बिंदू घेतले. रेघा एकवीस, छेद पस्तीस, तुकडे सत्तावन्न. आजी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "बरोबरच आहे की! काशीत छप्पन्न विनायक, सात वेढ्यांत आठ दिशांना, आणि मध्ये ढुंढिराज. सत्तावन्न!" पोराचे डोळे चमकले. मी म्हटलं, "आजी, हा योगायोग. आठ बिंदू घेतले तर नव्व्याण्णव होतात, तिथे कोणता देव आणणार?"

"दहा घेतले तर?" पोराने विचारलं आणि स्वतःच मांडायला बसला. रेघा पंचेचाळीस, छेद दोनशे दहा, एकूण दोनशे छप्पन्न.

"काका, ही तर परत दुपटीतली संख्या आली!" मग जरा थांबून म्हणाला, "पण अकराला बघतो आधी." खडू संपला होता. आजींनी कोळसा आणून दिला.