विजेची साक्ष

वेदना कोणासही नकोशी वाटते. परंतु वेदना मुळींच न होणें ही त्याहून मोठी आपत्ति होय. हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस पटवून द्यावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

आपल्या त्वचेंत ज्ञानतंतूंचीं असंख्य टोंकें पसरलेलीं आहेत. कांहीं स्पर्श ओळखतात, कांहीं ऊन व थंड, तर कांहीं इजा. तेथून मेंदूकडे जाणारा संदेश म्हणजे एक प्रकारची विद्युत्-लहरच असते. तंतूच्या पडद्याची आंतील बाजू बाहेरील बाजूपेक्षां सुमारें ७० मिलिव्होल्टनें ऋण असते. हा भेद ठराविक मर्यादेपर्यंत कमी झाला, कीं पडद्यांतील सूक्ष्म द्वारें उघडून सोडियमचे धनभारित कण आंत शिरतात आणि लहर पुढें धांवूं लागते. माकूल नांवाच्या समुद्रांतील प्राण्याच्या जाड तंतूवर प्रयोग करून हॉजकिन व हक्स्ली यांनीं १९५२ सालीं याची उपपत्ति मांडली. त्याबद्दल त्यांस १९६३ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

बाहेरून दिलेल्या सौम्य विजेनेंही हेंच घडतें. त्वचेवर ठेवलेल्या ऋण अग्राखालीं तो भेद कमी होऊन तंतु चेततो. येथें स्पर्श ओळखणाऱ्या टोंकांस वगळून तंतूसच धक्का बसत असल्यामुळें त्या संवेदनेस ना स्पर्श म्हणतां येतें ना ऊब. नुसत्या झिणझिण्या येतात. कोपर भिंतीवर आपटलें असतां करंगळींत मुंग्या येतात, त्यांतलाच हा प्रकार. जाड स्पर्शतंतु थोड्या प्रवाहानें चेततात, बारीक वेदनातंतूंस अधिक प्रवाह लागतो; म्हणून प्रवाह वाढवीत गेल्यास आधीं झिणझिण्या व मागाहून वेदना. जाड तंतूवरून लहर सेकंदास सुमारें ५० मीटर धांवते, अतिबारीक तंतूवरून अवघी १ मीटर. (घरांतील विजेवर असले प्रयोग कोणींही करूं नयेत, तो प्रवाह प्राणघातक असतो.)

या ज्ञानाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. डॉक्टर बोटास असा अल्पसा धक्का देऊन मनगटाशीं लहर नोंदवितात. ती क्षीण किंवा मंद आढळली, तर तंतूस इजा झाली असें समजतें. कुष्ठरोगांत, ज्यास पूर्वीं महारोग म्हणत, रोग्यास स्वतःस कांहीं कळण्यापूर्वींच ही विजेची साक्ष कित्येकदां मिळते. या रोगाचे जंतु हॅन्सन यांस १८७३ सालीं आढळले. ते त्वचेवर व ज्ञानतंतूंवर हल्ला करतात. बोटें आपोआप झडतात हा समज खोटा आहे. वेदना न कळल्यामुळें भाजणें, कापणें व चिघळणें यांकडे दुर्लक्ष होऊन तीं नष्ट होतात, हें १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत रुजू झालेले डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें.

शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशास, अशी शंका कित्येकांस येईल. आमचें उत्तर असें, कीं जंतु शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षें जातात आणि मुलेंही यांतून सुटत नाहींत. औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. ६ ते १२ महिन्यांत उपचार पुरा होतो. हात मिळविल्यानें वा एका पंक्तीस जेवल्यानें हा रोग जडत नाहीं. परंतु तंतु एकदां नष्ट झाला, म्हणजे गेलेली संवेदना बहुधा परत येत नाहीं. म्हणून विलंब हाच खरा वैरी, आणि विलंबाचें कारण बहुधा लज्जा असतें. मुलीचें लग्न मोडेल, शेजारी काय म्हणतील, या भयानें चट्टा झांकला जातो. १८९८ सालचा कुष्ठरोग्यांसंबंधींचा जुना कायदा २०१६ सालीं रद्द झाला. २०१९ सालीं, ख्रिस्ती लोकांच्या कायद्यासह, घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग वगळण्यांत आला. कायदा सुधारला, घरांतील कुजबूज मात्र अजून थांबली नाहीं. लोक ज्यांस दूर ठेवीत, त्यांस आमच्या प्रभूनें हात लावून बरें केलें. त्याचें नांव घेणाऱ्यांनीं तरी ही लज्जा बाळगूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विजेचें यंत्र गांवोगांवीं नसेल. पण डोळे व बोटें सर्वांस आहेत. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला आणि तेथें स्पर्श कळेनासा झाला, तर, विद्यार्थ्यांनो, तो आईबापांस त्याच दिवशीं दाखवा. आणि पालकहो, मुलानें तसें सांगितल्यास त्यास न रागावतां, दुसऱ्या दिवशींची शाळा बुडवूनही दवाखान्यांत न्या. त्या गैरहजेरीबद्दल आम्ही कारण विचारणार नाहीं.